बाईंना शिकवताना

मुख्याध्यापकांना शिकवायचं काम माझ्याकडं आलं तेव्हा मी चाळिशी ओलांडली होती. त्याआधीची सगळी नोकरी घनसावंगी तालुक्यातल्या शाळांवर झाली. मग जालन्याला प्रशिक्षक म्हणून नेमणूक मिळाली. काम असं होतं, की ज्या शाळांचा कारभार नीट चालत नाही अशी ओरड आहे, तिथल्या मुख्याध्यापकांना बोलावून घ्यायचं, हॉलमध्ये बसवून शिकवायचं, आणि पुढं वर्षभर त्यांच्या शाळेत जाऊन बघायचं, की शिकवलेलं उतरतंय का. दिवसाचं नियोजन कसं करावं, शिक्षकांकडून काम कसं करून घ्यावं, चिडलेल्या पालकाशी कसं बोलावं, असे विषय.

ज्याला ‘तुमचं काम सुधारा’ म्हणून बोलावलंय तो माणूस हसत येत नाही. पहिल्या दिवशी हॉलमध्ये सगळे मागच्या खुर्च्या धरून बसायचे. कुणी दाराशी बसायचं, म्हणजे फोन आला की उठता येतं. पिंपळगाव रेणुकाईच्या पलीकडून येणारे एक मुख्याध्यापक मला म्हणाले, “सर, अंधारात निघालोय घरून. शिकवायचं ते शिकवा, पण जल्दी सोडा.” मला त्यांचा राग आला नाही. मी त्यांच्या जागी असतो तर हेच म्हणालो असतो.

एका पावसाळ्यातल्या तुकडीत पहिल्या रांगेत येऊन बसणारी एकच व्यक्ती होती. सुती साडी, पिशवी छातीशी धरलेली, केस बरेच पांढरे झालेले. त्यांनी मला विचारलं, “सर, इथं बसलं तर चालेल ना?” आवाजावरून मी ओळखलं. त्या माझ्या चौथीच्या बाई होत्या.

मी जवळ जाऊन वाकलो आणि म्हणालो, “बाई, मला ओळखलं का?”

त्यांनी चष्मा वर केला, बराच वेळ माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाल्या, “तीर्थपुरीचा तू. तुझे वडील बाजारात शिलाई मशीन घेऊन बसायचे. पंधरा ऑगस्टला झेंड्याची शिवण उसवली होती, तर तू पळत जाऊन त्यांना शाळेतच घेऊन आल्तास. मशीन डोक्यावर घेऊन.”

मशीन माझ्या वडिलांच्या डोक्यावर होतं, माझ्या नाही. पण बाकी सगळं खरं होतं. मी स्वतःसुद्धा ते विसरलो होतो.

बाई तीर्थपुरीला नोकरीवर आल्या तेव्हा अगदी तरुण होत्या. घनसावंगीजवळच्या एका खेड्यातल्या बौद्धवाड्यातल्या त्या. आईवडील दोघंही दुसऱ्याच्या शेतात रोजानं जायचे. वाड्यातून शिकून मास्तरीण झालेली पहिली मुलगी त्याच. तीर्थपुरीत त्यांना राहायला खोली लवकर मिळाली नाही. कितीतरी दिवस त्या गावाहून रोज येऊन-जाऊन करायच्या. का मिळाली नाही हे आम्हा पोरांना तेव्हा कळत नव्हतं, आणि बाईंनी कधी सांगितलंही नाही. आम्हाला एवढंच माहीत होतं, की एसटी चुकली तर बाई चालत येतात आणि तरी परिपाठाच्या आधी पोचतात.

आम्ही सगळे ‘न्हाई’ म्हणणारी पोरं. आधीचे मास्तर त्यावरून छडी उगारायचे. बाई म्हणायच्या, “घरी आईला न्हाई म्हण. वहीत नाही लिही. दोन्ही येऊ दे. एक आलं म्हणून दुसरं टाकायचं नसतं.” एवढ्या साध्या बोलण्यानं माझी लिहायची भीती गेली. मी पुढं शिक्षक झालो त्यात या बाईंचा वाटा मोठा आहे.

त्यामुळं त्या तुकडीत बाईंना बघून मला आनंद व्हायच्या आधी धक्काच बसला. बाईंच्या शाळेबद्दल ओरड? मी माझ्या वरिष्ठांना विचारलं. ते म्हणाले, “माहिती वेळेवर येत नाही. बैठकीला बोलावलं तर येत नाहीत, आणि न बोलावता येऊन बसतात. एक शिक्षकच तक्रार करून राह्यलेत त्यांच्याबद्दल. निवृत्तीला आल्यात ना, आता लक्ष नसेल कामात.”

मला ते पटलं नाही. दुसऱ्या दिवशी हॉलमध्ये आम्ही चिडलेल्या पालकाचा प्रसंग करून दाखवत होतो. मी पालक झालो होतो आणि मुख्याध्यापकाच्या खुर्चीत बाई होत्या. मी टेबलावर हात आपटून ओरडलो, “माझ्या लेकराला मारलं कुणी? आत्ता मास्तरला बाहेर काढा.”

बाईंनी माझ्याकडं शांतपणे पाहिलं. “बसा आधी. उन्हातून आलात, पाणी घ्या. लेकरू कुठंय? त्याला लागलं कुठं ते मला दाखवा. मास्तरचं नंतर बघू.”

मागं बसलेल्या एकानं फोन खिशात ठेवला. मी त्या दिवशी पुढं जे काही शिकवलं, ते बाईंच्या त्या पाच वाक्यांपुढं फिकं होतं.

जेवणानंतर मी पुढचा विषय काढला, तर बाईंनी हात वर केला. “सर, ते पालकांशी बोलायचं कधी घेणार आहोत आपण?”

लोक हसले. बाई सकाळच्या प्रसंगावरून गंमत करतायत असं सगळ्यांना वाटलं. मलाही तसंच वाटलं आणि मीही हसलो. बाई आमच्याकडं बघत राहिल्या, आणि मग सगळ्यांच्या मागून थोड्या उशिरानं त्याही हसल्या.

बाईंची शाळा अंकुशनगरच्या अलीकडं, मोठ्या रस्त्याला लागून होती. सातवीपर्यंतचे वर्ग, मोजकेच शिक्षक, पत्र्याचं स्वयंपाकघर आणि फाटकासमोर एक चहाची टपरी. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा टपरीच्या बाकड्यावर एक उंच, वाळके गृहस्थ मांडीवर हेल्मेट घेऊन बसले होते. दुपारी मी निघालो तेव्हाही ते तिथंच होते. शाळेतल्या एका तरुण शिक्षिकेला मी विचारलं, तर ती म्हणाली, “मॅडमचे मिस्टर आहेत. एसटीत कंडक्टर होते. रोज अंबडहून मॅडमना गाडीवर आणतात आणि शाळा सुटेपर्यंत बसून राहतात.” रिकामा माणूस, घरी करमत नसेल, असं मी मनाशी ठरवून टाकलं.

शाळेत मात्र खरंच गोंधळ होता. भरायची माहिती भरलेली नव्हती. पोषण आहाराचा तांदूळ संपल्याचं कुणी कळवलं नव्हतं. ज्यांनी तक्रार केली होती ते ज्येष्ठ शिक्षक मला बाजूला घेऊन म्हणाले, “सर, मला बाईंच्या जागेवर बसायचं न्हाई. पण मी सकाळी एक विचारतो, त्या हो म्हणतात, आन् दुपारी म्हणतात तुम्ही मला विचारलंच न्हाई. पोरांसमोर मला खोटं पाडतात. किती दिवस सहन करू?”

मी बाईंजवळ बसलो आणि जे शिकवायचं ते शिकवायला लागलो. सकाळी आल्यावर आधी काय, मग काय. महत्त्वाचं काम कुठलं, दुसऱ्यावर सोपवायचं कुठलं. फोनमध्ये आठवणीची घंटा कशी लावायची. शाळेत कुणी नसलं की बाई मला ‘तू’ म्हणायच्या आणि शिक्षक आत आले की ‘सर, तुम्ही’ म्हणायच्या. “सांग तू, मी करते,” असं म्हणत त्या मन लावून ऐकायच्या. चौथीत मी जसा त्यांच्यापुढं बसायचो तशा माझ्यापुढं बसायच्या.

पुढच्या महिन्यात गेलो तर सगळं पुन्हा पहिल्यासारखं. त्याच्या पुढच्या महिन्यातही तसंच. एकदा तर मीच आखून दिलेला दिवस त्यांनी मला नव्यानं समजावून सांगितला, “बघ, मी असं ठरवलंय,” म्हणून. मी ऐकून घेतलं. परत येताना मन खट्टू झालं होतं. आपला विद्यार्थीच तपासायला येतोय म्हटल्यावर बाई हे काम हसण्यावारी नेतायत, असं वाटत होतं.

दिवाळीनंतर अंकुशनगरच्या साखर कारखान्याचं गाळप सुरू झालं. मळीचा वास सगळ्या रस्त्यावर पसरला. ऊसतोडीला आलेल्या लोकांच्या कोप्या, म्हणजे उसाच्या पाचटाच्या झोपड्या, शाळेपासून थोड्या अंतरावर पडल्या. त्या दिवसांत बाई वेगळ्याच दिसायच्या. पदर खोचून कोप्यांवर जायच्या, चुलीपुढं बसलेल्या बायांशी बोलत बसायच्या आणि परत येताना चार-दोन लेकरं हाताला धरून आणायच्या. एकदा मी बरोबर होतो. एक बाई म्हणाली, “हिला कशाला शाळा? आम्ही आज हितं, उद्या तिथं.” बाई म्हणाल्या, “आज हितं आहेस ना? मंग आजची शाळा हितं करू दे. उद्याचं उद्या.” ती लेक दुसऱ्या दिवसापासून पहिलीत यायला लागली. असं काम करणारी बाई साधी माहिती भरत नाही, हे कोडं मला काही सुटेना.

ते सोडवलं त्या तरुण शिक्षिकेनं. एका दुपारी ती मला फाटकापर्यंत सोडायला आली आणि तिथंच थांबली.

“सर, तुम्ही मॅडमना रागावू नका.”

“मी कुठं रागावलो?”

“नाही, पण तुम्हाला वाटत असेल त्या ऐकत नाहीत. तसं नाहीये.” तिनं मागं वळून ऑफिसकडं पाहिलं. “मधल्या सुट्टीनंतर त्या व्हरांड्यात उभ्या राहतात. कोणत्या वर्गावर जायचं ते कळत नाही त्यांना. मी जाते आणि म्हणते, मॅडम, चला ना, तिसरीचा पाठ बघायला. तसं म्हटलं की त्यांना बरं वाटतं. बराच काळ चाललंय हे. मी कुणाला सांगितलं नाही.”

मी तिथून सरळ टपरीवर गेलो. बाईंचे यजमान उठून उभे राहिले आणि माझ्यासाठी बाकडं हातानं पुसलं. मी म्हणालो, “दादा, बाईंना बरं नाहीये का?”

त्यांनी टपरीवाल्याला दोन चहा सांगितले. मग कप हातात धरून म्हणाले, “तुमच्यापासून काय लपवायचं. ती तुमच्याबद्दल घरी लई बोलती. संभाजीनगरला दाखवलं आम्ही. मेंदूचे फोटो काढले. डॉक्टर म्हणले, स्मृतिभ्रंश हाय. वयाच्या मानानं लवकर आलाय. जुनं सगळं ऱ्हाईल बराच काळ, नवं ऱ्हायचं न्हाई.”

“बाईंना माहीत आहे?”

“तिच्यासमोरच सांगितलं डॉक्टरनं. कधी ध्यानात असतं, कधी नसतं. ज्या दिवशी ध्यानात असतं त्या दिवशी जेवत न्हाई.” ते फाटकाकडं बघत होते. “मला म्हणली, निवृत्ती जवळ आलीय, तेवढं मला शाळेतूनच जाऊ द्या. घरी बसवू नका. मंग म्हणलं, ठीक हाय. आयुष्यभर गाडीच्या दारात उभा राह्यलो, आता तुझ्या शाळेच्या दारात बसतो. काय झालं तर मी हाये.”

चहावर साय धरली. मी सहा महिने त्या बाईंना फोनमध्ये घंटा कशी लावायची ते शिकवत होतो.

त्या आठवड्यात मी तालुक्याच्या गटशिक्षणाधिकाऱ्यांना जाऊन भेटलो आणि जे होतं ते सांगितलं. ते चांगले गृहस्थ होते. म्हणाले, “वैद्यकीय रजा टाकायला लावा त्यांना. निवृत्तीपर्यंत रजेवर राहतील, इज्जतीनं जातील.” मी म्हणालो, बाईंशी मी बोलतो, थोडे दिवस द्या. त्यांनी दिले.

शाळेतल्या शिक्षकांनाही सांगावं लागलं. बाई कोप्यांवर गेल्या होत्या तेव्हा आम्ही सातवीच्या वर्गात बसलो. ज्येष्ठ शिक्षक सगळं ऐकून मान खाली घालून बसले. मग म्हणाले, “म्हणजे मी विचारलेलं त्यांना खरंच आठवत नव्हतं.” थोड्या वेळानं म्हणाले, “आता आपली काही तक्रार न्हाई. मी करतो सगळं. सही तेवढी त्यांची घेऊ.” आणि त्यांनी ते केलं. माहिती भरली, तांदूळ मागवला, बैठकीला बाईंच्या बरोबर जाऊन शेजारी बसले. तरुण शिक्षिका दिवसभर बाईंवर एक डोळा ठेवायची. शाळा सुरळीत चालली आहे असं बाहेरून दिसायला लागलं. माझ्या वरिष्ठांनी तर मला शाबासकी दिली, प्रशिक्षणाचा चांगला परिणाम दिसतोय म्हणून.

मी मात्र बाईंशी बोललो नव्हतो. दर वेळी ठरवून जायचो आणि त्या समोर आल्या की शब्द गिळून परत यायचो.

संक्रांतीनंतरची गोष्ट. मी अंबडहून मोटारसायकलवर शाळेकडं निघालो होतो. शाळेच्या थोडं अलीकडं उसाच्या ट्रॅक्टरांची रांग उभी दिसली. दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर, गाणी चालू, हॉर्न वाजतायत. पुढं गेलो तर रस्त्याच्या मधोमध बाईंचे यजमान उभे. एका हातात हेल्मेट, दुसरा हात आडवा धरलेला. त्यांच्यामागून शाळेची पोरं दप्तरं घेऊन रस्ता ओलांडत होती. स्वयंपाकाच्या दोघी मावश्या पिठाच्या हातांनी पोरांना ओढत होत्या. दुपारच्या जेवणाची वेळसुद्धा झालेली नव्हती.

त्या दिवशी ज्येष्ठ शिक्षक बैठकीला अंबडला गेले होते आणि तरुण शिक्षिका सातवीला गणित शिकवत होती. बाई ऑफिसातून बाहेर आल्या आणि त्यांनी शाळा सुटल्याची घंटा दिली. पोरांना काय, घंटा ऐकली की पळायचं माहीत. कोप्यांवरची लहान लेकरं थेट मोठ्या रस्त्यावर आली, आणि त्यांचे आईबाप तर फडात ऊस तोडत होते.

आम्ही पोरांना गोळा करून परत आत घेतलं आणि वर्गावर्गात हजेरी घेतली. पहिलीतली एक मुलगी कमी भरली. तीच, जिच्या आईला बाई म्हणाल्या होत्या, आजची शाळा हितं करू दे म्हणून. आम्ही कोप्यांवर पळालो, तिथं नव्हती. रस्त्याच्या कडेची चारी बघितली. बाईंचे यजमान ट्रॅक्टरवाल्यांना विचारत रस्त्यानं चालत सुटले. शेवटी ती सापडली फडात, आईजवळ, बैलगाडीच्या सावलीत ऊस खात बसलेली. तिच्या आईला काही झाल्याचं माहीतच नव्हतं. आम्हाला बघून ती म्हणाली, “आज लवकर सुटली व्हय शाळा?” मी हो म्हणालो.

ऑफिसात आलो तर बाई खुर्चीत नव्हत्या. भिंतीकडंच्या बाकावर, पालक बसतात तिथं, बसल्या होत्या.

“घंटा मी दिली ना?”

“हो बाई.”

“मला वाटलं पाच वाजले.” त्यांनी हातातलं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं. “सगळी आली?”

“सगळी आली. कुणाला काही झालेलं नाही.”

“यांनी रस्त्यात उभं राहून गाड्या थांबवल्या म्हणून झालं न्हाई.” त्या माझ्याकडं बघत होत्या आणि त्यांची नजर त्या वेळी अगदी स्वच्छ होती, चौथीत असायची तशी. “तुम्ही सगळे मला झाकून राह्यलात. मला कळतं ते अधूनमधून. सही घ्यायला येतात तेव्हा कळतं.”

त्याच पुढं म्हणाल्या,

“तू मला इतकं शिकवलंस. शाळा चालवायची कशी, ते सगळं होतं त्यात. पण शाळा सोडायची कशी, हे न्हाई शिकवलंस. आता तेवढं शिकव. आत्ताच. उद्या मला हे ध्यानात ऱ्हाईल का न्हाई, माहीत न्हाई.”

मी टेबलावरचा एक कागद ओढला आणि रजेचा अर्ज त्यांच्यापुढं बसून लिहायला घेतला. दुसऱ्या ओळीत मी घाईत ऱ्हस्व-दीर्घाची चूक केली. बाईंनी बोट ठेवून ती दाखवली. मी दुरुस्त केली. त्यांनी सही केली. बाहेर पोरांची जेवणाची पंगत बसली होती.

चार्ज द्यायच्या दिवशी मी मुद्दाम गेलो. निरोपाचा कार्यक्रम बाईंनी नको म्हटला होता. किल्ल्या टेबलावर होत्या. ज्येष्ठ शिक्षक उभेच होते, बसा म्हटलं तरी बसेनात. बाई त्यांना म्हणाल्या, “सहावीत ती खिडकीजवळ बसते ना, तेल लावून घट्ट वेण्या घालून येते, तिला डाव्या कानानं कमी ऐकू येतं. ती सांगणार न्हाई, लाजते. तिला पुढं बसवा, उजवा कान तुमच्याकडं येईल असं.”

“हो मॅडम,” ते म्हणाले. त्यांना हे माहीत नव्हतं. त्या वर्गाला ते वर्षभर शिकवत होते.

थोड्या वेळानं बाई पुन्हा म्हणाल्या, “सहावीत एक मुलगी आहे, घट्ट वेण्यांची. तिला डाव्या कानानं कमी ऐकू येतं.”

“असं का मॅडम? बरं झालं सांगितलंत. पुढं बसवतो.”

निघताना दारात बाईंनी तेच तिसऱ्यांदा सांगितलं. ज्येष्ठ शिक्षकांनी तिसऱ्यांदाही पहिल्यांदा ऐकल्यासारखं ऐकलं. मग ते पटकन वळून आत गेले आणि फळ्याकडं तोंड करून उभे राहिले.

त्यानंतर मी जमेल तसा अंबडला जात राहिलो. स्वच्छ दोन खोल्यांचं घर, भिंतीवर बुद्धाची तसबीर, तिच्यापुढं रोजची मेणबत्ती. पहिले काही महिने बाई मला ओळखायच्या. तीर्थपुरीचा बाजार, माझे वडील, शाळेची गळकी खोली, सगळं बोलायच्या. अंकुशनगरजवळची शाळा मात्र त्यांच्या बोलण्यातून हळूहळू गेली. निवृत्तीची तारीख आली तेव्हा ती तारीख निघून गेल्याचंही त्यांना कळलं नाही. दादांनी, म्हणजे बाईंच्या यजमानांनी, त्या दिवशी खीर केली होती. बाईंनी विचारलं, आज कोणती पौर्णिमा आहे.

मग एक दिवस मी गेलो तर त्यांनी पदर सारखा केला आणि म्हणाल्या, “या, बसा. तुम्ही कुठून आलात?”

“जालन्याहून, बाई.”

“तपासणीला का?”

दादा स्वयंपाकघराच्या दारात उभे होते. ते काहीतरी बोलायला लागले, पण मी मान हलवून त्यांना थांबवलं. “हो,” मी म्हणालो, “तपासणीलाच.”

“बघा मंग. वर्ग झाडलेले आहेत,” बाई म्हणाल्या आणि हात मांडीवर ठेवून नीट बसल्या.

गेल्या वर्षी त्यांची मुलगी पुण्याहून आली. दादांचं एकट्याचं आता होत नव्हतं, त्यांचे गुडघे गेले होते. घर बंद करून दोघांनाही घेऊन जायचं ठरलं. मी सामान चढवायला गेलो. फार काही नव्हतं. ज्येष्ठ शिक्षक, जे आता त्या शाळेचे मुख्याध्यापक आहेत, तेही आले होते. तरुण शिक्षिकेची बदली होऊन ती परतूर तालुक्यात गेली होती, तिनं फोन केला. दादांनी फोन बाईंच्या कानाला लावला. बाईंनी ऐकून घेतलं आणि “बरं बरं, अभ्यास कर,” म्हणून फोन परत दिला.

गाडीत पुढच्या सीटवर बाईंना बसवलं. ड्रायव्हरनं गाडी चालू केली तर बाईंनी त्याच्या हातावर हात ठेवला.

“थांबा. पोरं बसली का सगळी?”

ड्रायव्हर गोंधळून मागं बघायला लागला. मागं दादा आणि मुलगी होते, मधे पिशव्या. मुलगी खिडकीबाहेर बघायला लागली.

दादा पुढं वाकून म्हणाले, “बसली. मी मोजली.”

“बराबर मोजली?”

“बराबर मोजली. चला.”

गाडी गल्लीतून बाहेर पडून जालन्याच्या रस्त्याला लागली. ज्येष्ठ शिक्षकांनी घराला कुलूप लावलं आणि किल्ली शेजारच्यांकडं दिली, तसं ठरलं होतं. मला बारा वाजता हॉलवर नवी तुकडी घ्यायची होती. आम्ही दोघं थोडा वेळ ओट्यावर बसलो. ते म्हणाले, “सर, त्या पोरीला कानाचं यंत्र मिळालं. बाईंना सांगायचं होतं, ऱ्हाऊन गेलं.”

मी म्हणालो, “फोन करू की.”

ते म्हणाले, “हो, करू.” मग आम्ही उठलो.